निसर्गाला विचारलेले अनेक प्रश्न

लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशर परगण्यातील हार्पेंडन या गावालगत, रोथॅमस्टेड नावाची एक जुनी जहागीर आहे. तिचा वारस जॉन बेनेट लॉज याने 1842 साली सुपरफॉस्फेट खत तयार करण्याच्या कृतीचे पेटंट मिळवले आणि पुढच्याच वर्षी, 1843 साली, जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञास आपल्या पदरी घेऊन त्याने वडिलोपार्जित शेतात खतांचे प्रयोग पद्धतशीरपणे आरंभले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ या दोघांनी मिळून जे काम केले त्याला शेतीच्या इतिहासात जोड नाही. या प्रयोगांपैकी सर्वांत विख्यात म्हणजे ब्रॉडबॉक नावाच्या शेतातील गव्हाचा. या शेताच्या लांबच लांब पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टीस दरसाल ठरावीक खत देण्याचा आणि प्रत्येक पट्टीचे उत्पन्न स्वतंत्र तोलून नोंदवण्याचा परिपाठ तेव्हापासून अव्याहत चालू आहे. एका पट्टीला तर 1843 पासून आजतागायत खताचा कणही मिळालेला नाही, आणि तिच्या शेजारच्या पट्ट्यांपैकी एकीला दर वर्षी शेणखत मिळत आले आहे.

या नोंदींचे मोल कोणीही नाकारणार नाही. खताशिवाय गहू किती काळ तग धरतो, शेणखताने जमिनीचा पोत कसा पालटतो, केवळ नत्राच्या क्षारांवर पीक कोठवर पोसते, हे जगाने प्रथम या शेताच्या दफ्तरातून जाणले. तरीपण या रचनेत एक मूलभूत उणीव होती, आणि ती लॉज किंवा गिल्बर्ट यांच्या आळसामुळे नव्हे, तर त्यांच्या काळी प्रयोगशास्त्रच तेथवर पोहोचले नसल्यामुळे राहिली होती. एका खतास एकच पट्टी दिली असता त्या पट्टीचे उत्पन्न शेजारणीहून अधिक आले तर ते श्रेय खताचे की त्या पट्टीखालच्या जमिनीचे, याचा निवाडा करण्यास कागदपत्रात कोणताच आधार उरत नाही. एकाच शेताच्या दोन टोकांना जमिनीचा कस सारखा नसतो हे आपल्याकडील कोणत्याही पाटलास पैमाशखात्याने शिकवावे लागले नव्हते. पण तो फरक किती, आणि खताने घडवलेल्या फरकाहून तो वेगळा कसा काढावा, हे मात्र कोणासच ठाऊक नव्हते.

1919 साली रोथॅमस्टेडचे संचालक सर जॉन रसेल यांनी या साठलेल्या दफ्तराची छाननी करण्याकरिता रोनाल्ड एल्मर फिशर या एकोणतीस वर्षांच्या गणितज्ञाची नेमणूक केली. नेमणूक प्रथम तात्पुरतीच होती. फिशरने ब्रॉडबॉकच्या कित्येक दशकांच्या आकड्यांतून पावसाचा परिणाम, जमिनीच्या ऱ्हासाचा परिणाम आणि तणासारख्या कारणांनी घडलेले मंद चढउतार एकमेकांपासून सोडवण्याचा उद्योग केला, आणि 1921 पासून पिकांतील चढउतारांवरील आपली निबंधमाला प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. परंतु या श्रमातून त्याच्या मनावर जे सर्वांत खोल ठसले ते असे की, प्रयोग झाल्यानंतर आकड्यांशी कितीही झुंजले तरी प्रयोगाच्या मांडणीतच जे उत्तर सामावलेले नाही ते गणित बाहेर काढू शकत नाही. म्हणून सांख्यिकाने कापणीनंतर नव्हे, तर पेरणीपूर्वी शेतावर हजर राहिले पाहिजे. त्याने पुढे जी तीन तत्त्वे सांगितली ती आज प्रत्येक कृषिमहाविद्यालयात पाठ केली जातात: एकाच उपचाराची अनेक वाफ्यांत पुनरावृत्ती करावी, म्हणजे जमिनीची अंगभूत तफावत मोजता येईल, सारख्या कसाचे वाफे एका गटात घ्यावेत, म्हणजे गटागटांतील फरक तुलनेत शिरणार नाही, आणि गटाच्या आत कोणत्या वाफ्यास कोणता उपचार हे माणसाच्या पसंतीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे उरलेली तफावत कोणाचाही पक्षपात करणार नाही.

या तीन तत्त्वांचा गौरव खूप झाला आहे. चौथी गोष्ट मात्र पुस्तकांत एखाद्या प्रकरणाच्या आड राहते, आणि माझ्या मते फिशरचे सर्वांत धाडसी पाऊल तेच होय. एका प्रयोगात एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या सर्व गोष्टी स्थिर ठेवाव्यात, ही शिकवण त्या काळी विज्ञानाचे आद्यसूत्र म्हणून मान्य झालेली होती आणि शाळांच्या प्रयोगशाळांत आजही ती तशीच दिली जाते. खुद्द सर जॉन रसेल यांनी 1926 साली ब्रिटिश कृषिमंत्रालयाच्या नियतकालिकात शेतावरील प्रयोगांवर लेख लिहिला, त्यात याच मताचा पुरस्कार होता. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात फिशरचा लेख आला, आणि आपल्या वरिष्ठाच्या मताचा पूर्ण आदर राखूनही त्याने त्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा हे सूत्र समूळ चुकीचे आहे. निसर्ग विचारपूर्वक तयार केलेल्या प्रश्नावलीला अधिक चांगले उत्तर देतो, आणि एकटा प्रश्न विचारला तर दुसऱ्या एखाद्या विषयाचा खुलासा होईपर्यंत तो पुष्कळदा उत्तर देण्याचेच नाकारतो. रसेल यांच्या मनाचा मोठेपणा असा की त्यांनी आपल्या संस्थेच्या शेतावर या विरुद्ध मताच्या प्रयोगांना मुक्तद्वार ठेवले.

या मताची बीजे तीन वर्षे अगोदरच पेरली गेली होती. 1923 साली फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांनी रोथॅमस्टेड येथील बटाट्याच्या प्रयोगाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात बटाट्याच्या 12 जाती होत्या आणि प्रत्येक जातीला शेणखत व पालाशयुक्त खते यांचे निरनिराळे मेळ दिलेले होते. प्रश्न दुहेरी होता: जातीजातींत आणि खताखतांत फरक किती, आणि काही जाती विशिष्ट खताला अधिक प्रतिसाद देतात काय. एकूण तफावतीचे जातींमुळे, खतांमुळे, दोहोंच्या संगतीमुळे आणि जमिनीच्या लहरीमुळे असे हिस्से पाडण्याची जी रीत आज प्रचरण-विश्लेषण म्हणून ओळखली जाते तिचा शेतातील प्रयोगावरील पहिला उपयोग तो हाच. निष्कर्ष असा निघाला की सर्व जाती खतांना जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतात. हा निष्कर्ष नकारात्मक असला तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने बहुमोल होता, कारण जातीची निवड आणि खताची निवड हे दोन निर्णय स्वतंत्रपणे घेता येतात असे त्याने सांगितले. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलणाऱ्या प्रयोगातून तो जन्मात निघाला नसता.

आता या पद्धतीचा गाभा जो ‘मुख्य परिणाम’, त्याचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे. समजा, नत्र, स्फुरद आणि शेणखत हे तीन घटक आहेत आणि प्रत्येकाच्या ‘दिले’ व ‘दिले नाही’ अशा दोनच पातळ्या आहेत. त्यांचे सर्व मेळ आठ होतात. आठ वाफ्यांत हे आठ मेळ चिठ्ठीने वाटून दिले, तर नत्राचा मुख्य परिणाम काढण्यासाठी नत्र मिळालेल्या चार वाफ्यांची सरासरी घ्यायची आणि तीतून नत्र न मिळालेल्या चारांची सरासरी वजा करायची. या दोन्ही चौकड्यांत स्फुरद मिळालेले वाफे दोन-दोन, न मिळालेले दोन-दोन. शेणखताचीही तीच तऱ्हा. म्हणून वजाबाकीत स्फुरद व शेणखत यांचा भार आपोआप तुल्यबळ होऊन निघून जातो आणि नत्राचे स्वतःचे देणे उरते. मग तेच आठ वाफे स्फुरदासाठी नव्याने विभागायचे, आणि पुन्हा शेणखतासाठी. प्रत्येक वाफा तिन्ही प्रश्नांची साक्ष देतो. एकही वाफा कोणत्याच तुलनेत बेकार राहत नाही. एकेक घटक स्वतंत्र बदलण्याच्या जुन्या रीतीने प्रत्येक घटकासाठी चारास चार अशीच तुलना हवी असेल, तर कोरे चार वाफे आणि प्रत्येक खताचे चार असे सोळा वाफे लागतात. म्हणजे निम्म्या जमिनीत, निम्म्या मजुरीत तितकेच भरवशाचे उत्तर मिळते. शिवाय जुन्या रीतीचे उत्तर फक्त इतर खते मुळीच नसलेल्या जमिनीपुरते खरे असते, तर नव्या रीतीचे उत्तर इतर घटकांच्या सर्व अवस्थांत मिळून घेतलेले असते. त्याचे राज्य अधिक विस्तृत असते.

फ्रँक येट्स याने 1935 साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात हेच तत्त्व तराजूच्या दृष्टांताने पटवले. सात हलक्या वस्तू एकेक करून तोलल्या आणि रिकाम्या पारड्याचा एक तोल घेतला तर आठ तोल होतात. पण त्याच आठ तोलांत वस्तूंचे योग्य मेळ घालून त्या एकत्र तोलल्या, तर प्रत्येक वस्तूच्या वजनातील संभाव्य चूक निम्म्यावर येते. श्रम तितकेच, तराजू तोच. फक्त मांडणी वेगळी.

येट्स हा 1931 साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्टच्या भूमापनाचे काम सोडून रोथॅमस्टेडला आला आणि 1933 साली फिशर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेल्यावर त्याच्या खात्याचा प्रमुख झाला. फिशर हा द्रष्टा, तर येट्स हा ती दृष्टी रोजच्या व्यवहारात उतरवणारा कारभारी. 1937 साली इंपीरियल ब्यूरो ऑफ सॉइल सायन्सने प्रसिद्ध केलेल्या त्याच्या पुस्तिकेत बहुघटकी प्रयोगांची रचना आणि आकडेमोड यांची सांगोपांग मांडणी झाली, आणि तीत दिलेली एक हिशेबी युक्ती जगभर त्याच्या नावाने रूढ झाली. ती युक्ती इतकी सोपी आहे की जमाखर्च लिहिणाऱ्या कोणाही कारकुनास ती अर्ध्या घटकेत यावी. मेळांची उत्पन्ने ठरलेल्या क्रमाने एकाखाली एक लिहावीत. जोड्या पाडून प्रथम प्रत्येक जोडीची बेरीज, आणि त्यांच्याखाली प्रत्येक जोडीतील दुसऱ्यातून पहिल्याची वजाबाकी, असा नवा रकाना तयार करावा. जितके घटक तितक्या वेळा हीच क्रिया करावी. शेवटच्या रकान्यात पहिला आकडा एकूण उत्पन्नाचा येतो, आणि त्याखाली प्रत्येक घटकाच्या मुख्य परिणामाचा व प्रत्येक संगतीचा आकडा आपापल्या जागी हजर असतो.

उदाहरण काल्पनिक आकड्यांचे, पण आपल्या मुलखाचे घेऊ. ज्वारीस नत्र आणि पाणी हे दोन घटक आहेत असे धरा. काहीही न दिलेल्या वाफ्यात 20 शेर, केवळ नत्र दिलेल्यात 22, केवळ पाणी दिलेल्यात 30 आणि दोन्ही दिलेल्यात 48 शेर आले. पहिला रकाना: 42, 78, 2, 18. दुसरा: 120, 20, 36, 16. शेवटच्या तीन आकड्यांची निमपट केली म्हणजे नत्राचा मुख्य परिणाम 10 शेर, पाण्याचा 18 आणि दोहोंच्या संगतीचा, म्हणजेच परस्परक्रियेचा, 8 शेर निघतो.

येथेच वाचकाने थांबले पाहिजे. नत्राचा मुख्य परिणाम 10 शेर हे गणित बिनचूक आहे, आणि तरीही हे 10 शेर कोणत्याही शेतकऱ्याच्या खळ्यावर आलेले नाहीत. जिराईतवाल्यास नत्राने 2 शेर दिले, बागाईतवाल्यास 18; सरासरी 10. परस्परक्रिया लहान असेल तेव्हा मुख्य परिणाम हे प्रयोगाचे खरे सार असते, आणि 1923 च्या बटाट्यांप्रमाणे ते निःशंकपणे सर्वांस सांगता येते. परंतु परस्परक्रिया मोठी असेल तेव्हा एकट्या मुख्य परिणामावर शिफारस बेतणे म्हणजे अवर्षणग्रस्त तालुक्यातील कुणब्याला कालव्याच्या पाण्याचा सल्ला देणे होय. या पद्धतीच्या जनकांनी हा इशारा स्पष्टपणे दिला होता. परस्परक्रिया मोजता येणे हेच तर त्यांनी आपल्या रचनेचे मोठे वैभव मानले होते.

हे शास्त्र आपल्या देशात अपेक्षेहून लवकर आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 साली कलकत्त्यास इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली; 1937-38 च्या हिवाळ्यात फिशर स्वतः हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याच्या सांख्यिकी परिषदेचा अध्यक्ष झाला. त्यानंतरच्या दशकात राजचंद्र बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रचनांच्या मुळाशी असलेले सांत भूमितीचे सिद्धांत उलगडले आणि सी. आर. राव यांनी 1947 च्या सुमारास ‘लंबकोनी व्यूहां’ची कल्पना मांडली. घटक पुष्कळ आणि वाफे थोडे असतानाही प्रत्येक घटकाचा मुख्य परिणाम इतरांपासून अलग काढण्याची हमी हे व्यूह देतात. शेतासाठी घडलेले हे हत्यार पुढे कारखान्यांत गेले: प्लॅकेट आणि बर्मन या दोघा इंग्रज सांख्यिकांनी 1946 साली 12 चाचण्यांत 11 घटक पारखण्याची रचना दाखवली, आणि जपानचे गेन्इची तागुची हे 1954-55 मध्ये कलकत्त्याच्या संस्थेत राहून गेले, त्यांनी असे व्यूह आपल्या देशातील उद्योगधंद्यांत रुजवले. या काटकसरीची किंमत मात्र असते: अशा रचनेत मुख्य परिणामाच्या आकड्यात जोडघटकांच्या परस्परक्रिया मिसळून जातात, आणि त्या नगण्य आहेत हे प्रयोगकर्त्यास आपल्या विषयज्ञानाच्या बळावर गृहीत धरावे लागते. ज्यास ते ज्ञान नाही त्याने या वाटेस जाऊ नये.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झालेले डॉ. हॅरल्ड मान, ज्यांनी 1917 साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची आर्थिक पाहणी प्रसिद्ध करून आपल्याकडील ग्रामीण अभ्यासाचा पाया घातला, ते सेवानिवृत्तीनंतर 1928 साली रोथॅमस्टेडच्याच अधीन असलेल्या व्होबर्नच्या रेताड शेतावर रुजू झाले आणि फिशर-येट्स यांच्या पद्धतीच्या ऐन बहराच्या काळात तेथे प्रयोग चालवीत राहिले. जातेगाव बुद्रुक गावाच्या पाहणीत त्यांचे सहकारी असलेले एन. व्ही. कानिटकर यांनी सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात बांधबंदिस्ती, नांगरट, शेणखत, विरळ पेरा आणि आंतरमशागत यांची जी सांगड घातली ती मुंबई कोरडवाहू पद्धत म्हणून ओळखली गेली. सांगड म्हणून ती उपकारक ठरली. पण तिच्यातील कोणत्या अंगाचे देणे किती, हा प्रश्न प्रत्येक गरीब कास्तकाराच्या मनात उभा राहतो, कारण त्याला सगळीच अंगे एकदम परवडत नाहीत, आणि या प्रश्नाला बहुघटकी प्रयोगावाचून उत्तर नाही.

इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये कापसावर काम करणारे विनायक गोविंद पानसे यांनी आपले सहकारी हचिन्सन यांच्यासह शेतावरील प्रयोगतंत्राचा अभ्यास गेल्या शतकाच्या चौथ्या दशकातच केला होता. सातारा जिल्ह्यातील बुध या खेड्यात 1911 साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, तेथील पदवी घेऊन परतले आणि 1940 पासून कृषिसंशोधन परिषदेचे सांख्यिकी काम पाहू लागले. आणेवारी नजरअंदाजाने ठरवण्याच्या जुन्या वहिवाटीऐवजी चिठ्ठीने निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष पीककापणी करून उत्पन्न अजमावण्याची रीत देशभर रूढ करण्याचे मोठे श्रेय त्यांचे. या दोघा मराठी सांख्यिकांनी मिळून लिहिलेला, कृषिसंशोधन परिषदेने 1954 साली प्रसिद्ध केलेला, शेतकी कार्यकर्त्यांसाठीचा सांख्यिकी पद्धतींचा ग्रंथ भारतातील कृषिविद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांचा पाठ्यग्रंथ झाला. ब्रॉडबॉकच्या पट्ट्यांपाशी निघालेली विद्या कोइमतूरपासून लुधियान्यापर्यंतच्या विद्यार्थ्याच्या हाती पोहोचली ती बव्हंशी या ग्रंथातून.

इतकी पूर्वपुण्याई असताना आजही आपल्याकडे शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या शिफारसपत्रकांत बहुधा एकच आकडा छापलेला असतो: अमुक खत हेक्टरी इतके किलो दिल्यास उत्पन्नात इतक्या क्विंटलांची वाढ. तो आकडा पुष्कळदा मुख्य परिणामाचा, म्हणजे अनेक परिस्थितींच्या सरासरीचा असतो, आणि कोणकोणत्या परिस्थितींची ती सरासरी आहे हे पत्रकात कोठेच नसते. आपल्या कृषिविद्यापीठांनी आणि शेतकी खात्याने प्रत्येक शिफारसीखाली चार घरांचा एक लहानसा तक्ता छापावा: जिराईत आणि बागाईत, खतासह आणि खताविना. त्याला अर्ध्या पानाहून अधिक जागा लागणार नाही, आणि तो वाचण्यास वजाबाकीपलीकडचे गणितही लागणार नाही.